हरण्याची पेन्शन

आमच्या कुटुंबात सध्या तीन पेन्शनर आहेत. पहिला मी, चौतीस वर्षे कचेरीत आकडेमोड करून निवृत्त झालो. दुसरा हरण्या. हा शंकरपटाचा बैल असून यवतमाळला आमच्याच आवारात बांधलेला असतो. तिसरी करंजी. ती माझ्या पुतणीकडे मँचेस्टरला राहते आणि जातीने ग्रेहाउंड कुत्री आहे. तिघांत सर्वांत जास्त कुरकुर माझी असते, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. बाकीच्या दोघांना बोलता येत नाही, ही गोष्ट त्या हिशेबात धरीत नाहीत.

करंजी घरात आली त्या दिवशी पुतणीचा फोन आला. "काका, घरी पाहुणी आली आहे."

मी विचारले, "पिल्लू का?"

"नाही हो, पाच वर्षांची आहे. शर्यतीत पळायची. आता रिटायर झाली."

स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या, "म्हणजे जुनीच आणली! विलायतेत नवे कुत्रे मिळत नाही वाटते?"

त्यावर पुतणीने आम्हांला जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते. ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरांहून जास्त वेगाने धावतो, पण त्याची धावण्याची उमर फार थोडी. चार-पाच वर्षांचा झाला की तो मागे पडू लागतो, आणि आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचे! म्हणजे अर्ध्याहून अधिक आयुष्य पुढे पडलेले, आणि नोकरी संपलेली. अशा कुत्र्यांना घरे मिळवून देणाऱ्या संस्था तिकडे आहेत. त्यांतल्या एकीची माणसे आधी पुतणीचे घर पाहायला आली. कुंपण किती उंच, शेजारी मांजर आहे का, नवराबायको दिवसाचे किती तास घराबाहेर असता, सगळे विचारून घेतले.

"अगदी मुलगी द्यायची असल्यासारखे," पुतणी म्हणाली. "माझ्या लग्नात बाबांनीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती."

आणि घरात आलेली ही वाऱ्याची लेक जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबली ती थांबलीच. सारा जन्म कुत्र्यांच्या खोलीत आणि मैदानावर गेलेला. जिना कधी पाहिलेलाच नव्हता. नवराबायकोने एकेक पाय उचलून पायरीवर ठेवीत तिला चढायला शिकवले. काचेच्या दारावर ती दोनदा आपटली. आरशातल्या कुत्रीला पाहून एक दिवस जेवली नाही. रस्त्यात मांजर दिसले की जुनी सवय उसळते, म्हणून बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधतात. एरवी तिचा बहुतेक दिवस झोपण्यात जातो. पाय पोटाशी घेऊन ती अशी वळून निजते की हुबेहूब करंजी दिसते. म्हणून हे नाव. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे थंडी सोसत नाही. हे कळल्यावर सौ.नी जुन्या लुगड्यांची एक गोधडी पाठवून दिली. 'जुनीच आणली' म्हणणाऱ्या त्याच!

तिच्या कानात गोंदलेली खूण आहे. पळत होती तेव्हा तीच तिची ओळख होती.

मँचेस्टरच्याच बेल व्ह्यू मैदानावर २४ जुलै १९२६ रोजी विजेच्या सशामागे कुत्री पळवण्याची इंग्लंडातली पहिली शर्यत झाली. २०२० साली तेथल्या शर्यती थांबल्या. निवृत्त कुत्र्यांना घरे देणारी तिकडची मोठी संस्था निघाली १९७५ साली, म्हणजे पहिल्या शर्यतीनंतर एकोणपन्नास वर्षांनी. सगळ्याच कुत्र्यांच्या वाट्याला गोधडी येते असेही नाही. डरहॅम परगण्यातला एक माणूस ठरावीक पैसे घेऊन अशी हजारो कुत्री मारून पुरत आला होता, हे २००६ साली तिकडच्या वर्तमानपत्राने उजेडात आणले. कुत्री आजारी नव्हती. फक्त हरू लागली होती.

हे ऐकून मी मोठ्याने "अरेरे" म्हणालो. पलीकडून पुतणी काहीच बोलली नाही. फोन ठेवल्यावर माझे लक्ष डोक्यावरच्या पंख्याकडे गेले, आणि ती गप्प का राहिली ते मला समजले.

त्या पंख्याची हकीकत सांगायला हवी.

पुण्याकडे बैलगाडा शर्यत असते, तसा आमच्या विदर्भात शंकरपट. कापूस घरात आला, रान मोकळे झाले, की गावोगाव पट भरतात. हलका छकडा, दोन बैल आणि वर एक धुरकरी. जोडी किती सेकंदांत पोचली त्यावर निकाल. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर आमच्याकडे जत्रेसारखा. तेथे बायकासुद्धा धुरकरी होऊन जोडी हाकलतात. माझे थोरले बंधू दारव्हा तालुक्यात वडिलोपार्जित शेती पाहात. पटाचा नाद त्यांना लहानपणापासून. हरण्या त्यांच्या कोठ्यावरचा. रक्त वर्ध्याकडच्या गवळाऊ जातीचे; पांढरा, सडपातळ, पायाने हलका. २०११ पासून तीन हिवाळे तो आणि त्याचा जोडीदार पळाले आणि बक्षिसे आणली. एका पटात छताचा पंखा मिळाला. वाडीवर दिवसभर वीजच नसे, म्हणून दादांनी तो पंखा मला दिला.

मीही पटाला जात असे. धुरकऱ्याच्या हातात आर लावलेली पराणी असे, ती मला दिसत असे, आणि तरी मी टोपी उडवून ओरडत असे. ते खोटे कशाला सांगू?

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. पट थांबला. हरण्या तेव्हा सात वर्षांचा होता. दादांनी त्याला डवऱ्याला जुंपून पाहिले. कोणी लांबून हाक मारली की हा कान टवकारी आणि डवऱ्यासकट धूम ठोकी. मागे कपाशीची तासेच्या तासे आडवी!

सालगडी म्हणाला, "मालक, याले मातीचं काम नाही जमत. याले मानसाचा गलका लागते."

जोडीदार त्याच वर्षी आजारी पडून गेला. पावसानेही दगा दिला. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. कायदा बैल वाचवण्यासाठीच होता; पण म्हाताऱ्या, बिनकामाच्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरले नाही, आणि ढेपेचे पैसे त्यात कोणी लिहिलेले नव्हते. दादांच्या डोक्यावर कर्ज होते. अशात एक व्यापारी आला. हरण्याला कुठे नेणार हे त्याने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

त्या वेळी दादांनी माझा सल्ला घेतला. धाकटा भाऊ शिकलेला, कचेरीतला! यवतमाळच्या घरी बसून मी कागदावर दोन रकाने आखले. सरकीची ढेप, कुटार, कडबा, डॉक्टर. दुसऱ्या रकान्यात शून्य. "दादा, देऊन टाका," मी म्हणालो.

पुतणी तेव्हा अठरा वर्षांची होती. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी आमच्याकडेच राहिली होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. कागद वाचून तिने वर पाहिले आणि म्हणाली, "काका, एक नोंद राहिली. हा पंखा. हरण्याला द्यायचा असेल, तर पंखा पण काढून द्या."

मे महिना होता. यवतमाळचा मे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. पंखा फिरत होता आणि माझ्या कपाळाला घाम फुटला होता. मी कागद फाडला. त्या महिन्यापासून ढेपेचे पैसे माझ्या पगारातून वाडीवर जाऊ लागले. सौ.नी घरखर्चाच्या वहीत ती रक्कम 'हरण्याची पेन्शन' अशी लिहिली, आणि तेच नाव रूढ झाले.

२०१९ मध्ये दादा गेले. वाडी बटाईने दिली आणि हरण्या आमच्याकडे आला. आमचा लेआउट गावाच्या टोकाला आहे, म्हणून हे जमले. शेजाऱ्यांनी आधी नाके मुरडली. पण तान्ह्या पोळ्याला सगळ्या घरांची पोरे लाकडी बैल घेऊन आमच्या फाटकाशी आली, खऱ्या बैलाच्या पुढ्यात आपापले बैल मांडून बसली, आणि तक्रारी बंद झाल्या.

धावणारे जनावर धावणे संपल्यावर कसे असते, हे मी त्याच्याकडून शिकलो. तो कोणाला शिंग दाखवीत नाही. दात झिजल्यामुळे कडब्याची बारीक कुटी करून द्यावी लागते, ती सावकाश खातो. जवळच्या शाळेत खेळाची शिट्टी वाजली की मात्र मान वर होते, पुढचे खूर मातीत रुततात, अंगावर शहारा येतो. मग काहीच घडत नाही, आणि तो हळूहळू सैल पडतो. तो जोडीत उजवीकडे जुंपला जाई. अजूनही कोठ्यात उभा राहिला की डाव्या अंगाला एका बैलाची जागा मोकळी सोडतो. सौ. तेथे झाडू मारतात, पण टोपली काही ठेवीत नाहीत. मागच्या पायांवर पराणीचे जुने डाग आहेत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद्याला तूप-हळद चोळताना माझा हात त्या डागांवरूनही फिरतो. करंजीच्या कानातले गोंदण आणि हे डाग, दोन्ही नोकरीतल्या खुणा.

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. आता पराणी चालत नाही, पशुवैद्याचा दाखला लागतो. हे चांगले झाले. पट पुन्हा भरू लागले. दादांचे जुने सोबती मला म्हणतात, "बापू, एखादा गोऱ्हा घ्या ना!" परदेशात वारे उलटे वाहते. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात लोकांनी मतदान करून कुत्र्यांच्या शर्यती २०२० अखेर बंद केल्या. मकावचे मैदान २०१८ साली बंद झाले, तेव्हा मागे पाचशेहून अधिक कुत्री उरली आणि त्यांच्यासाठी देशोदेशी घरे शोधावी लागली.

पट असावा की नसावा, हा वाद मोठ्या माणसांनी करावा. मला एवढेच दिसते की बंदी आली तरी जनावर उरते आणि परवानगी मिळाली तरी उरतेच. धावण्याची तीन-चार वर्षे सगळ्यांची असतात. नंतरची दहा वर्षे कोणाची? सोबत्यांना मी सांगतो, "गोऱ्हा घेतो, पण आधी त्याच्या पेन्शनची सोय करू. ज्याने ज्याने टोपी उडवली, त्याने ढेपेचे एकेक पोते लिहून द्यावे." मग ते विषय बदलतात.

गेल्या दिवाळीत पुतणीचा फोन आला तेव्हा आमच्या लेआउटमध्ये फटाके सुरू होते, आणि तिच्याकडेही. करंजी सौ.च्या गोधडीत तोंड खुपसून बसली होती. मी फोन घेऊन कोठ्यात गेलो. तेथे हरण्या भिंतीकडे सरकून थरथरत होता. मी त्याच्या डाव्या अंगाला, त्या रिकाम्या जागेत, उभा राहिलो आणि पाठीवर हात ठेवला. फटाके थांबेपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे होतो.

फोनवरून पुतणीने विचारले, "काका, पंखा चालतो का अजून?"

"चालतो," मी म्हणालो. "थोडा कुरकुरतो. पण काढायचा नाही."