बॉडी लँग्वेज कुणाच्या बापाची?

मागच्या महिन्यात मी नोकरीची मुलाखत दिली आणि पडलो. दुसऱ्यांदा पडलो. त्याचं रडगाणं गायला हे लिहीत नाही. गोदीत रोज काही ना काही पडतं. आम्ही बाजूला होतो आणि पुढच्या गोणीला हात घालतो. लिहितोय ते दुसऱ्याच कारणानं. पहिल्यांदा पडलो तेव्हा साहेब म्हणाला, आत्मविश्वास नाही. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा निरोप आला, पोरगा माजलेला वाटतो. मधल्या काळात मी फक्त खुर्चीवर सरळ बसायला शिकलो होतो.

जागा दोन्ही वेळा एकच. टॅली क्लार्क. जहाजातून माल उतरताना किती नग आले, किती फुटले, किती भिजले, कमी किती भरले, हे टिपायचं काम. दहावी पास चालतो. मी दहावी पास आहे, आणि चार वर्षं ठेकेदाराच्या गँगमध्ये हाच माल पाठीवर घेतलाय. कुठली गोणी हुक लागून फाटली आणि कुठली मुळात फाटकीच भरून आली, हे मला हात लावून कळतं. पण हे कुणी विचारतच नाही.

पहिल्या वेळी निघताना आये म्हणाली, "मोठ्या मानसांफुडं मान वर करून बोलू नगं. नरमाईनं घे." मी नरमाईनं घेतलं. खुर्चीच्या कडेला बसलो, हात गुडघ्यांत, नजर टेबलावरच्या पेपरवेटवर. कामाचे चार प्रश्न आले, चारही बरोबर दिले. साहेब म्हणाला, "कामाची माहिती आहे हो तुम्हाला, पण कॉन्फिडन्स नाही. बॉडी लँग्वेज सुधारा."

सुधारली. आयेच्या भिशीतले दोन हजार घेतले आणि दादरला एका माडीवर व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावला. तीन आठवडे. मास्तर माणूस वाईट नव्हता. पाठ टेकून बसा, खांदे मागे घ्या, हात टेबलावर दिसू द्या, डोळ्यांत बघून बोला, हात मिळवताना मेलेल्या माशासारखा देऊ नका. सगळं घोटलं. घरात कपाटाच्या आरशासमोर घोटलं, तेव्हा धाकटी बहीण हसून हसून लोळली.

दुसऱ्या मुलाखतीला बाहेरच्या बाकावर शेजारी एक पोरगा होता. पायावर पाय, बाकावर अर्धा आडवा, फोनवर मोठ्यानं बोलत होता. मला विचारतो, "टॅली म्हणजे ते अकाउंटचं सॉफ्टवेअरच ना?" मी म्हटलं, नाही बाबा, इथं माल मोजायचाय. तो म्हणाला, "ओके, बघू." तो आत गेला आणि आतून हसण्याचा आवाज आला. मग मी गेलो.

तिघे बसले होते. पूर्ण नाव काय? सांगितलं. आडनाव ऐकून दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मूळ गाव कुठलं? वडील काय करतात? राहायला कुठं? चाळ की झोपडपट्टी? मी पाठ टेकून, डोळ्यांत बघून, सावकाश उत्तरं दिली. मालाबद्दल शेवटी एकच प्रश्न. निघताना एक जण म्हणाला, "जरा जास्तच मोकळे आहात तुम्ही." आणि जागेची खबर देणाऱ्या एजंटानं संध्याकाळी सांगितलं, "साहेब म्हनले, पोरगं माजलेलं दिसतंय." जागा त्या पायावर पाय टाकणाऱ्याला मिळाली. त्याचा तो स्मार्टनेस, माझा तो माज. खुर्ची एकच, पाठ टेकण्याची रीत एकच. फरक आडनावाचा.

आता कुणी म्हणेल, तुझीच काही चूक झाली असेल. असेल. माझं सोडा. एक सवाल विचारतो. आमच्या बापजाद्यांची मान खाली कुणी केली? ती जन्मतःच वाकडी होती काय? पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय. हीसुद्धा बॉडी लँग्वेजच होती. गावात जोहार घालायचा तो वाकून. पाटलाच्या दारात उभं राहायचं ते लांब, उकिडवं बसायचं, नजर जमिनीवर. पिढ्यान् पिढ्या हा क्लास चालला, फी वसूल केली चामडीतून. तोच वाकलेला कणा बघून त्यांचे नातू आज म्हणतात, यांच्यात आत्मविश्वास कमी. च्यायला, घाव घालणारे तुम्हीच आणि व्रण मोजणारेही तुम्हीच!

बाबासाहेबांना अंगाची ही भाषा नीट कळत होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेनंतर ते आपल्या बायांशी बोलले. लुगडं वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं नेसा, जात ओळखू येईल असले जाडजूड दागिने टाका. बायांनी ते मनावर घेतलं आणि लगेच नेसण बदललं. ती साहेबाला खूश करायची तयारी नव्हती, जातीनं अंगावर मारलेला शिक्का पुसायची कारवाई होती. आपण सरळ बसायला शिकायचं ते या हिशेबानं. दादरच्या मास्तरात आणि महाडच्या भाषणात एवढा फरक आहे.

पण तेवढ्यानं भागत नाही, हेही बाबासाहेबांनीच सोसून दाखवलं. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, लंडनला शिकून आलेले, अंगात साहेबी कपडे, ताठ मान. कचेरीत शिपाई लांबून फायली फेकायचे. राहायला घर मिळेना. पारशी सराईत राहिले तर काठ्या घेऊन माणसं चालून आली, खोली सोडावी लागली. आता सांगा, बाबासाहेबांची बॉडी लँग्वेज कमी पडली काय? त्यांनी कुठला क्लास लावायला हवा होता?

कुणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. बरं, अलीकडचं घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५-०६ मध्ये खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण, लायकी तोलामोलाची, फरक नावाचा. एका नावावरून सवर्ण कळावा, दुसऱ्यावरून दलित, तिसऱ्यावरून मुसलमान. निकाल २००७ साली छापून आला. सवर्ण नावाला बोलावणं येण्याची जेवढी शक्यता, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश दलित नावाला. मुसलमान नावाला साधारण एक-तृतीयांश. दोस्तांनो, लिफाफ्यात अंग नसतं. खांदे नाहीत, नजर नाही, हात मिळवणं नाही. पोरगा खोलीत शिरलाच नाही, तरी तो पडला. मग बॉडी लँग्वेजचं बिल आमच्या नावावर का फाडता?

त्याच सुमाराला सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांत भरती करणाऱ्या पंचवीस अधिकाऱ्यांशी बोलणं केलं. जात मानत नाही, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं ते सांगत. आणि घरची पार्श्वभूमी मात्र विचारतो, असंही सांगत. म्हणजे जात विचारायची नाही, बाप विचारायचा. माझ्या तिघांनी दुसरं काय केलं?

आता मास्तरच्या शास्त्राकडं येऊ. त्यानं फळ्यावर तीन आकडे लिहिले होते : ५५, ३८, ७. म्हणे माणसावर छाप पडते ती ५५ टक्के अंगाच्या हालचालीनं, ३८ टक्के आवाजानं आणि ७ टक्के शब्दांनी. हे आकडे अमेरिकेतल्या अल्बर्ट मेहराबियनच्या १९६७ च्या प्रयोगांतले. त्या प्रयोगांत एकेकटे शब्द, आवाजाची ढब आणि चेहऱ्याचे फोटो वापरून एवढंच बघितलं होतं, की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो. सगळ्या बोलण्याला हा हिशेब लागू नाही, हे खुद्द मेहराबियननंच सांगितलंय. नोकरीच्या मुलाखतीशी त्याचा संबंध नाही.

दुसरं, मुलाखतीआधी दोन मिनिटं छाती काढून उभं राहायचं, की अंगात ताकदीचं रसायन वाढतं. हे २०१० साली अमेरिकेत ४२ माणसांवर तपासून छापलं. २०१५ मध्ये दुसऱ्यांनी २०० माणसांवर तपासलं, तर रसायनात फरक दिसला नाही. २०१६ मध्ये मूळ प्रयोगातल्या डॅना कार्नी यांनीच जाहीर केलं, की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. क्लासवाले मात्र अजून फी घेऊन पोरांना छाती काढायला लावतात.

आता माझ्या गोदीचं ऐका, कारण मुद्दा तिथंच आहे. आजा सांगायचा, त्याच्या बापाच्या काळात सकाळी गोदीच्या गेटवर हजार माणसं उभी राहत. मुकादम फिरायचा, दंड चाचपायचा, तोंड बघायचा, ओळख बघायची, कुणी काय चारलं ते बघायचा. तू ये, तू ये, तू घरी जा. मुलाखतच ती. गडी काय करायचे? छाती पुढं काढायचे, खोकला दाबायचे. बॉडी लँग्वेज! पण गोदी कामगारांच्या नशिबातलं गेट बदललं ते छाती काढून बदललं नाही. लढे झाले, युनियन झाल्या, १९४८ साली कायदा आला, मग बोर्ड आलं. नोंदणी झाली, पाळीपाळीनं काम मिळू लागलं. मुकादमाच्या डोळ्यातली निवड यादीत आली. आजानं बोर्डात पगार खाल्ला तो यादीतल्या नंबरावर. पुढं कंटेनर आले, न्हावाशेवा झालं, ठेकेदारी माजली आणि आज मी पुन्हा सकाळी मुकादमासमोर उभा असतो. एसी केबिनमधला तो साहेब म्हणजे टाय लावलेला मुकादमच. तोही दंडच चाचपतो, फक्त हात लावत नाही. विटाळ होईल ना!

सरकारलाही हे कळलेलं आहे. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनं क गटाच्या आणि ब गटातल्या अराजपत्रित जागांच्या मुलाखती बंद केल्या. वशिला आणि लाच थांबावी म्हणून. म्हणजे मुलाखतीत वशिला शिरतो हे मान्य! मग जात शिरत नाही काय? आणि सनदी परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण अजून मुलाखतीचेच आहेत. खाजगी कंपनीत तर सगळाच कारभार मुलाखतीचा, आणि नोकऱ्या उरल्यात त्या तिथंच.

म्हणून आमची मागणी आरशातली नाही, रस्त्यावरची आहे. टॅली क्लार्क पाहिजे तर शंभर गोण्या समोर टाका आणि मोजायला लावा. तोंडी विचारायचंच असेल तर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येक उत्तराचे गुण तिथल्या तिथं कागदावर, आपसात कुजबुजण्याआधी. आडनाव, गाव, वस्ती, बापाचा धंदा, हे प्रश्न बंद. आणि कुणाला घेतलं, कुणाला पाडलं, का पाडलं, याचा हिशेब उघडा ठेवा.

तोवर हात बांधून बसायचं नाही. पुढच्या आठवड्यात माझी बहीण मुलाखतीला जाणार आहे. आये तिलाही म्हणाली, मान खाली ठेव. मी म्हटलं, आये, आता ते नाही. विहाराच्या हॉलमध्ये रोज रात्री आम्ही आठ-दहा जण जमतो. एक साहेब होतो, बाकीचे उमेदवार. बाप काय करतो, या प्रश्नाला "नाका कामगार आहेत" एवढंच सांगायचं, न लाजता, न चिडता, आणि गप्प राहायचं. पुढचा प्रश्न शोधायची पंचाईत त्यांची. कामाची माहिती मात्र अशी पाठ, की रात्री झोपेतून उठवलं तरी सांगावी. दोन हजार कुणाला द्यायचे नाहीत.

आणि एक वही घातलीय. मुलाखत देऊन आलेल्यानं त्याच रात्री लिहायचं. कुठली जागा, किती मिनिटं, प्रश्न कोणते, कामाचे किती, जातीच्या वासाचे किती. सतरा मुलाखती लिहून झाल्यात. एकट्याचं पडणं हे त्याचं नशीब ठरतं. शंभर जणांचं एका वहीत आलं की तो पुरावा ठरतो. तुमच्या वस्तीत अशी वही घाला. मोर्चा निघेल तेव्हा ती हातात असेल.

सरळ बसा रे. नोकरी मिळेल म्हणून नव्हे. पाठ आपली आहे म्हणून.

जय भीम.