आठवीनंतर आधार कुणाचा?

गुणवंतांसाठी ‘सुपर ७५’. नववी-दहावीतील सामान्य विद्यार्थी मात्र वाऱ्यावर

नागपूर, विशेष प्रतिनिधी : महापालिकेच्या शाळा म्हणजे नाइलाजाच्या शाळा, हा शिक्का पुसण्यासाठी नागपूर महापालिकेने २०२१ मध्ये दोन उपक्रम हाती घेतले. आकांक्षा फाउंडेशनच्या सहकार्याने शहरातील सहा विधानसभा मतदारसंघांत प्रत्येकी एक इंग्रजी शाळा, हा पहिला. वैद्यकीय, अभियांत्रिकी व एनडीएच्या प्रवेश परीक्षांसाठी निवडक विद्यार्थ्यांना मोफत मार्गदर्शन देणारी ‘सुपर ७५’ ही योजना, हा दुसरा. दोन्ही स्वागतार्हच आहेत. मात्र, पहिल्याचा भर नव्याने दाखल होणाऱ्या मुलांवर, तर दुसऱ्याचा मोजक्या हुशार मुलांवर आहे. नववी-दहावीतील सामान्य विद्यार्थी दोहोंच्या कक्षेबाहेरच राहतो.

हक्काची मर्यादा

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वयोगटापुरते, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. केंद्राच्या योजनांतील मध्यान्ह भोजन, मोफत पाठ्यपुस्तके व गणवेशही तेथेच थांबतात. अभ्यास कठीण होतो आणि मुलगा कमावण्याच्या वयात येतो, नेमका त्याच वेळी आधार निघून जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील आकडेही हेच सांगतात. देशात सहावी ते आठवीत ९०.९ टक्के असलेले पटनोंदणीचे प्रमाण नववी-दहावीत ७९.३, तर अकरावी-बारावीत ५६.५ टक्क्यांवर येते.

माध्यमाचा पेच

१९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांचे मनपा वर्ग भरतात. अकरावी विज्ञानाचे अध्यापन मात्र प्रामुख्याने इंग्रजीतून होते. दहावीपर्यंत उर्दू वा हिंदीतून विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याला परिभाषाच नव्याने शिकावी लागते. खासगी शिकवणी न परवडणाऱ्या घरातील मुलाची बुद्धी नव्हे, भाषा आडवी येते.

पर्याय हाताशी

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीतून पात्र विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. मात्र, त्यासाठीची परीक्षा आठवीतच द्यावी लागते. या परीक्षेची तयारी प्रत्येक मनपा शाळेत करून घेणे सहज शक्य आहे. त्याच्या जोडीला नववीपासून इंग्रजी व विज्ञानाचे पूरक वर्ग, शाळा सुटल्यानंतर अभ्यासिका आणि दहावीपर्यंत भोजन या बाबींचा भार महापालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकातून उचलायला हवा.

‘सुपर ७५’मधील एखादा विद्यार्थी डॉक्टर झाला, तर त्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु शाळेचे यश मोजायचे ते आठवीच्या हजेरीपटावरील किती नावे दहावीच्या परीक्षेपर्यंत टिकली, यावरून. महापालिकेने हा आकडा दरवर्षी शाळानिहाय जाहीर केला, तर नेमकी गळती कोठे होते, हे नागरिकांनाही कळेल.