पडद्यावरील लिंबू आणि डब्यातील लिंबू

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका गावी मराठी माध्यमाच्या शाळेत जाण्याचा योग आला. आठवीच्या वर्गात आम्ल आणि आम्लारी यांचा पाठ चालू होता. भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर महाजालावरून घेतलेली एक देखणी चित्रफीत दाखविली जात होती. परदेशातील प्रयोगशाळा, पांढरा डगला घातलेले गृहस्थ, काचेच्या पात्रात लिंबाचा रस आणि त्यात बुडताच तांबडा होणारा निळा लिटमस कागद! मुले शांतपणे पाहत होती. नंतर शिक्षकांनी प्रश्न विचारले, उत्तरेही अचूक आली.

मधल्या सुट्टीत डबे उघडले गेले. कुणाच्या डब्यात लिंबाची फोड होती, तर कुणाच्या भाजीत हळद. एका मुलीच्या पांढऱ्या गणवेशावर भाजीचा डाग पडला. तिने नळावर जाऊन साबण लावला, तसा तो पिवळा डाग लालसर झाला. ती घाबरली, मैत्रिणी हसल्या. ज्या विषयाचा पाठ नुकताच संपला होता, तोच विषय तिच्या गणवेशावर साक्षात उभा होता. पण त्याकडे बोट दाखविणारे कुणी नव्हते.

त्या शिक्षकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी वेळ काढून चित्रफीत शोधली होती. प्रश्न आहे तो आपल्या सर्वांच्या समजुतीचा. संगणक आला, पडदा आला, महाजाल आले म्हणजे विज्ञानशिक्षण झाले, असे आपण मानू लागलो आहोत. ही समजूत एकदा तपासून पाहिली पाहिजे.

साधनांचा तुटवडा आज नाही, हे प्रथम मान्य करू. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ साली सुरू झाला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील चौकोनी संकेतचिन्हावर भ्रमणध्वनी धरला, की त्या पाठाचे पूरक साहित्य समोर येते. बालभारतीची पुस्तकेही महाजालावर विनामूल्य मिळतात. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात विद्युतमंडल, तरंग, घनता अशा विषयांचे आभासी प्रयोग स्वतः हाताळता येतात. ‘स्टेलॅरियम’ ही विनामूल्य संगणकप्रणाली कोणत्याही गावाचे, कोणत्याही रात्रीचे आकाश पडद्यावर उभे करते. आमच्या पिढीला हे स्वप्नवत वाटले असते.

पण या भांडारातील अस्सल रत्न आपल्या पुण्यात घडले, याची किती जणांना जाणीव आहे? कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद गाठले. तेथे १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून एक आगळा उपक्रम सुरू झाला होता. सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग स्वतः करायचा, निरीक्षण स्वतः नोंदवायचे आणि निष्कर्षही स्वतःच काढायचा, ही त्याची रीत. तेथून प्रेरणा घेऊन गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची शेकडो खेळणी तयार केली. २००३ पासून अकरा वर्षे त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केले. त्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत महाजालावर खुल्या आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या चित्रफितींचे वैशिष्ट्य असे, की त्या पाहून मूल स्वस्थ बसत नाही. ते उठते आणि काड्या शोधू लागते. कोणत्याही साधनाची हीच खरी कसोटी होय. जी चित्रफीत संपल्यावर मूल उठून काही करू लागते, ती शिक्षण. जी संपल्यावर मूल दुसरी चित्रफीत मागते, ती करमणूक. पोहण्याच्या शंभर चित्रफिती पाहून कुणी विहिरीत उडी घेत नाही. मग पाहून विज्ञान येईल, ही आशा आपण कशाच्या आधारावर बाळगतो?

सहावी ते आठवी हे वय यासाठी मोलाचे आहे. त्याआधी मूल कुतूहलाने प्रश्न विचारते. त्यानंतर दहावीचे गुण मानगुटीवर बसतात. मधल्या तीन वर्षांत ‘विज्ञान आपल्याला जमते’ किंवा ‘ते आपले काम नव्हे’ हा निवाडा मूल मनोमन करून टाकते. खेड्यातील मराठी शाळेतल्या मुलाचा हा निवाडा पुष्कळदा भाषेमुळे बिघडतो. विषय समजत नसतो असे नाही. समजावून सांगणारा आवाज परका असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवी व त्यापुढेही मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. धोरण योग्यच आहे. पण मराठीतून शिकवायचे, तर मराठीत कसदार साहित्यही विपुल हवे. ते इंग्रजीच्या मानाने आजही तोकडे आहे. ही उणीव शासन एकटे भरून काढील, असे मानून आपण हातावर हात ठेवून बसणार काय?

आणखी एका गोष्टीबद्दल आपण अंतर्मुख झाले पाहिजे. आपल्या घरांतील भ्रमणध्वनींवर प्राचीन भारतीय विज्ञानाचे गोडवे गाणारे संदेश रोज येतात आणि आपण ते श्रद्धेने पुढे धाडतो. त्यांतील पुष्कळांना ना ग्रंथाचा आधार असतो, ना प्रयोगाचा. असा संदेश वाचून मोठे झालेले मूल उद्या महाविद्यालयात जाते, तेथे ते विधान खोटे ठरते आणि मग खऱ्या वारशावरचाही त्याचा विश्वास उडतो. हे नुकसान कुणी परक्याने केलेले नसते. शिक्षकी पेशात राहून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्यांनी आधार तपासल्यावाचून पाऊल टाकलेले नाही. अभिमान कसा बाळगावा, हे त्यांच्याकडून शिकावे.

खरा वारसा तर शाळेच्या अंगणातच उभा करता येतो. आपल्या प्राचीन गणितींनी बारा अंगुळांचा शंकू जमिनीत उभा रोवून सावली मोजली. विषुवदिनी मध्यान्ही पडणाऱ्या सावलीला त्यांनी ‘पलभा’ म्हटले आणि तिच्यावरून स्थळाचा अक्षांश काढला. येत्या २१ मार्चच्या सुमारास पुण्यातील मुलांनी बारा सेंटिमीटरची काडी सपाट जागी उभी करावी आणि सर्वांत आखूड सावली मोजावी. ती सुमारे चार सेंटिमीटर भरेल. त्याच दिवशी नागपूरच्या शाळेतील मुलांना ती साडेचारांहून थोडी अधिक मिळेल. दोन्ही वर्गांनी महाजालावरून एकमेकांना आकडे कळवावेत, कागदावर त्रिकोण काढून कोन मोजावेत आणि दोन्ही सावल्या वेगळ्या का, याचा विचार करावा. पृथ्वी गोल आहे हे त्या दिवशी मुलांना पुस्तकातून पाठ करावे लागणार नाही. ते त्यांना आपल्याच सावलीतून दिसेल. प्राचीन शंकू आणि आधुनिक महाजाल यांचा यापरता सुंदर मेळ कोणता असेल?

तेव्हा करावे काय? शिक्षकांनी चित्रफीत प्रथम स्वतः पाहावी, तिच्यातील प्रयोग घरच्या वस्तूंतून करून पाहावा आणि वर्गात पडद्याच्या आधी वस्तू आणावी. पालकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाकघर मुलांच्या हाती द्यावे. हळदीत भिजवून वाळविलेल्या कागदावर साबणाचे पाणी, चुन्याची निवळी, ताक यांचे थेंब टाकून पाहावेत. हळदीचे पारंपरिक कुंकू लाल का होते, या प्रश्नाचे उत्तर त्याच कागदावर उमटेल. आपल्यातील निवृत्त शिक्षक, अभियंते, रसायनज्ञ यांनी गावोगावी दोन-दोन, चार-चार जणांचे गट करावेत. एकेक पाठ घेऊन शुद्ध, सोप्या मराठीत प्रयोगांच्या चित्रफिती तयार कराव्यात, जाणकारांकडून तपासून घ्याव्यात आणि सर्वांसाठी खुल्या कराव्यात. यासाठी मोठा निधी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

महाजाल हे नदीसारखे आहे. काठावर उभे राहून पाहणाऱ्याची तहान ती भागवीत नाही; ओंजळ ज्याची त्यालाच पुढे करावी लागते. डाग लाल का झाला, हे त्या मुलीला अजून कुणी सांगितले नसेल, तर ते सांगण्याची जबाबदारी आपली आहे. किंबहुना, सांगूही नये. तिच्या हाती हळदीचा कागद द्यावा आणि तिलाच विचारावे, ‘बाळ, तुला काय दिसते?’