चाप किती जड, हा प्रश्नच अपुरा आहे

#थ्रेड

१/
पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांनी ‘लक्ष्य’ शूटिंग क्लब उभारला. अशा रेंजवर स्पर्धेपूर्वी एक छोटा विधी होतो. एअर पिस्तुलाची नळी उभी धरतात, चापाच्या मध्यावर ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि पिस्तूल हळूच वर उचलतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल स्पर्धेस पात्र.

२/
शेजारच्या मार्गिकेवरील एअर रायफलला मात्र असे किमान वजनच नाही. तिचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासही ठेवला जातो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या शिरूर स्वतः रायफलच्याच नेमबाज. छत एक, अंतर एक आणि न्याय दोन. म्हणजे चापाचे वजन ही नियमकर्त्यांनी आखलेली मर्यादा आहे. शस्त्राच्या गुणवत्तेचे ते प्रमाणपत्र नव्हे.

३/
तरीही सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांची तुलना निघाली की पहिला आकडा पौंडांचाच येतो. अमक्याचा चाप साडेपाच, तमक्याचा चार, म्हणून तमके श्रेष्ठ! आंब्याची पेटी काट्यावर ठेवून गोडी ठरवण्याचाच हा प्रकार. काटा खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

४/
काटा सांगतो तो ओढीतला सर्वाधिक जोर. तो जोर किती अंतरात वाढत गेला, वाटेत खरखर होती का, सुटण्याचा क्षण काचेसारखा तुटला की चिकणमातीसारखा ओढला गेला, सुटल्यावर चाप किती पुढे धावला, हे काटा सांगत नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक भानगड असते. स्लाइड मागे जाऊन पुढे आली तरी बोट अजून चापावरच असते. अशा वेळी दुसरी गोळी आपोआप सुटू नये म्हणून चाप आणि घोडा यांचा संबंध क्षणभर तोडणारी कडी आत बसवावी लागते. बोट सैल केल्यावर ती कडी जिथे पुन्हा जुळते, ती जागा जवळ आहे की लांब, यावर दुसऱ्या गोळीचे भवितव्य ठरते. या जागेला पौंड नसतात.

५/
‘ब्राउनिंग’ हे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते नाशिकमुळे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पिस्तुले किती होती हे शाळकरी पोरही सांगते. ब्राउनिंग हा जॉन ब्राउनिंग नावाचा अमेरिकन कारागीर होता, हे सांगणारे विरळा. पौंडांच्या वादाचे उत्तर त्याच्याच शेवटच्या रचनेत दडले आहे.

६/
ती रचना म्हणजे हाय-पॉवर. ब्राउनिंग १९२६ साली लिएज येथे वारला. काम पूर्ण केले द्यूदोने सेव्ह यांनी आणि पिस्तूल आले १९३५ साली. फ्रेंच सैन्याची एक अट होती : मॅगझिन काढलेले असताना गोळी सुटता कामा नये. त्यासाठी चापाला एक खुंटी जोडली गेली. चाप ओढताना ही खुंटी मॅगझिनच्या पुढच्या अंगावर घासत खाली सरकते. फ्रेंचांनी पिस्तूल अखेर घेतलेच नाही; खुंटी मात्र राहिली. पाहुणे आलेच नाहीत, पण त्यांच्यासाठी रांधलेले अळणी जेवण घरच्यांनी वर्षानुवर्षे खाल्ले.

७/
हेच पिस्तूल भारतात ‘९ एमएम १ए’ या नावाने ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झाले आणि लष्कर व पोलीस दलांच्या कमरेला लागले. या घराण्याच्या चापाबद्दलची जुनी तक्रार वजनापेक्षा घासण्याची आहे. स्प्रिंग बदलून आकडा खाली आणता येईल, पण त्याने घासणे जात नाही. एका परक्या सैन्याने घातलेली अट बोटाला जाणवते, काट्याला नाही.

८/
उलट उदाहरण कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात थायलंडच्या नेमबाजाशी बरोबरी झाली आणि दोन शूट-ऑफनंतर सुवर्ण त्यांच्याकडे आले. या प्रकारात चाप किमान १००० ग्रॅमचा, म्हणजे एअर पिस्तुलाच्या दुप्पट. शीघ्र फेरीत लक्ष्य समोर राहते ते तीन सेकंद. जड चाप आणि अपुरा वेळ, तरीही नेम साधतो. कारण असा चाप दोन टप्प्यांत विभागता येतो : भाराचा मोठा वाटा हात वर येतानाच उचलला जातो, उरलेला थोडासा शेवटी. एकूण वजन तेच राहते. बदलते ती त्याची वाटणी.

९/
आता दुसऱ्या बाजूची अंधश्रद्धा : जड चाप म्हणजे सुरक्षित पिस्तूल. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक स्वीकारताना जुन्या रिव्हॉल्व्हरसारखा, सुमारे १२ पौंडांचा चाप मागितला. १२ पौंड म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. रिकामे ग्लॉक १७ असते सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. शस्त्राच्या आठपटीहून अधिक जोर एका बोटाने लावायचा आणि नळी तसूभरही हलू द्यायची नाही! २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन अधिकाऱ्यांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. नऊ वाटसरू जखमी झाले, तेही पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. दोष सगळा चापाचा होता असे म्हणणे हाही आकड्याचाच भक्तिभाव ठरेल. सराव, अंतर, गर्दी, भीती सारेच त्यात होते. पण जड स्प्रिंग वाटसरूंचे रक्षण करील, ही समजूत त्या फुटपाथवर टिकली नाही.

१०/
‘वजन’ या शब्दाचाच घोळ २०१७ मध्ये उघड झाला. अमेरिकी सैन्याने निवडलेल्या सिग पी३२० ची नागरी आवृत्ती विशिष्ट कोनात पडली तर गोळी सुटते, असे दिसून आले. पिस्तूल जमिनीवर आदळून थांबे, पण आतला चाप स्वतःच्या वस्तुमानामुळे पुढे जात राही. दुरुस्तीत चाप आणि त्याच्या जोडीचे भाग हलके करण्यात आले. म्हणजे पिस्तूल सुरक्षित झाले ते चापाचे स्वतःचे वजन घटवून! ओढीचा जोर आणि चापाचे वस्तुमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पौंडांच्या वादात कोणी उच्चारतही नाही. ग्लॉकच्या चापातली छोटी पाकळी याच धोक्यासाठी आहे. बोटाने ती दाबली नाही तर चाप मागे येत नाही.

११/
हलक्या चापाचा लाभच नाही, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. कागदी लक्ष्यावर तो लाभ खरा आहे. पण परवान्याचे पिस्तूल कारागिराकडे नेऊन चाप ‘मऊ’ करून घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, की तो मऊपणा अनेकदा आतल्या दोन पोलादी कडांची पकड झिजवून मिळवलेला असतो. ती पकड म्हणजेच घोडा रोखून धरणारी शेवटची गोष्ट.

१२/
पोलिसांच्या पिस्तूल-खरेदीवर वाद घालणाऱ्यांनी म्हणून पौंड बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. ओढीचा जोर कसा चढतो याचा आलेख कुठे आहे? सर्व कोनांतून पाडून पाहिले का? आणि ज्या शिपायाच्या हातात ते जाणार, त्याला वर्षाकाठी सरावाला किती गोळ्या मिळतात? पनवेलच्या रेंजवर येणाऱ्या मुलामुलींचा बराचसा सराव रिकाम्या पिस्तुलानेच होतो : चाप ओढायचा, नेम हलला का ते पाहायचे, पुन्हा ओढायचा. त्याला गोळीचा खर्चही लागत नाही.