वाट मोकळी करणारा वैद्य

रोगाचे निदान करणे हे एकाचे काम आणि त्यावर उपचार करणे हे दुसऱ्याचे, ही वैद्यकातील श्रमविभागणी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. क्ष-किरणांचे चित्र घेणारा डॉक्टर चित्र पाहतो, त्यावर अभिप्राय लिहितो आणि रोग्याला पुन्हा दुसऱ्या डॉक्टराच्या स्वाधीन करतो. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हापासून कित्येक दशके हीच रीत चालत आली होती. ती मोडणाऱ्या एका वैद्याची ओळख या वेळी वाचकांस करून द्यावयाची आहे.

चार्ल्स डॉटर यांचा जन्म १९२० साली अमेरिकेत बोस्टन येथे झाला. १९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथील वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले आणि १९८५ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, स्वीडनचे सेल्डिंगर यांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. त्वचेतून सुई रोहिणीत घालावयाची, सुईतून लवचिक तार सरकवावयाची, सुई काढून घ्यावयाची आणि तारेवरून बारीक नळी आत न्यावयाची. या नळीतून औषध सोडले म्हणजे रक्तवाहिनीचे चित्र स्पष्ट उमटते. सर्वांनी ही युक्ती चित्र घेण्यासाठी वापरली. डॉटर यांच्या मनात मात्र निराळाच प्रश्न आला : अडथळ्यापर्यंत नळी पोहोचतेच आहे, तर तिनेच तो अडथळा का दूर करू नये?

उत्तर मिळण्याचा प्रसंग १६ जानेवारी १९६४ रोजी आला. ब्याऐंशी वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीतील रोहिणी आकुंचित होऊन पाऊल कुजू लागले होते. पाय कापण्याचा सल्ला तिला देण्यात आला. परंतु तिने त्यास ठाम नकार दिला. तेव्हा डॉटर यांनी आकुंचित जागेतून प्रथम तार आणि मग एकाहून एक जाड नळ्या घालून वाट रुंद केली. पाऊल पुन्हा उबदार झाले, वेदना थांबल्या, जखमा भरून आल्या. ती वृद्धा पुढे दोन वर्षांहून अधिक काळ जगली, तीही आपल्या दोन्ही पायांवर चालत.

एवढे होऊनही मायदेशात त्यांचे स्वागत झाले नाही. केवळ चित्र घ्यावे, दुरुस्तीच्या भरीस पडू नये, अशा आशयाची लेखी सूचना त्यांना शल्यचिकित्सकांकडून आलेली होती. गिटारच्या तारांपासून उपकरणे बनविणाऱ्या या माणसाला काही सहकारी विक्षिप्तही म्हणत. युरोपातील डॉक्टरांनी मात्र ही पद्धत उचलून धरली. १९७७ साली झुरिक येथे ग्रुंट्झिग यांनी हृदयाची रोहिणी फुग्याने रुंद केली, तीही याच वाटेने पुढे जाऊन.

येथपर्यंतची कथा बंद वाट उघडण्याची झाली. कर्करोगाच्या उपचारात नेमके उलट काम करावे लागते. डॉटर, त्यांचे सहकारी योसेफ रोश आणि ब्राउन यांनी १९७२ साली, पोटात रक्तस्राव होत असता, तेथील रोहिणी नळीवाटे आतून बंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अर्बुदाला रक्त पुरविणारी वाहिनीही अशीच बंद करता येईल, हा विचार फार दूरचा नव्हता. जपानमध्ये ओसाका येथील यामादा यांनी १९७० च्या दशकात यकृताच्या कर्करोगावर तो अमलात आणला.

यकृताची रचना येथे साहाय्यक ठरते. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेतून मिळते. अर्बुद मात्र मुख्यतः रोहिणीच्या रक्तावर पोसले जाते. म्हणून अर्बुदाकडे जाणाऱ्या रोहिणीच्या शाखेत औषध सोडून ती बंद केली की अर्बुदाची उपासमार होते आणि उरलेले यकृत बहुतांशी वाचते. निवडक रोग्यांचे आयुष्य याने वाढते, असे बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील दोन चाचण्यांतून २००२ साली दिसून आले. अर्बुद लहान असेल, तर त्यात सुई घालून ते उष्णतेने जाळताही येते. याशिवाय तपासणीसाठी सुईने तुकडा घेणे, अडलेल्या पित्ताला वाट करून देणे, असह्य वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना बधिर करणे, ही कामेही आज याच शाखेकडे आहेत. रोग बरा होण्याजोगा नसतानाही रोग्याला शांत झोप मिळावी, हे काही लहान काम नव्हे.

तथापि हा उपाय सर्वांसाठी नाही. यकृत फारच दुबळे झाले असेल किंवा रोग सर्वत्र पसरला असेल, तर त्याचा अपायच होऊ शकतो. म्हणून सल्ला देताना शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांनी एकत्र विचार करणे इष्ट. कुटुंबीयांनीही संकोच न करता विचारावे : या उपचाराने रोग बरा होणार आहे, की आटोक्यात राहणार आहे? दुसरा पर्याय कोणता? आणि मुळात प्रतिबंध हाच श्रेष्ठ होय. यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण असलेल्या हिपॅटायटिस-बी या रोगावरील लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहे. तिची पहिली मात्रा बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. घरात बाळंतपण असेल, तर एवढे अगत्याने विचारून घ्यावे.

डॉटर यांना स्वतःलाही हॉजकिन या कर्करोगाने गाठले होते; किरणोपचार घेऊन ते कामावर परतले. गिर्यारोहणाचा त्यांना छंद होता आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील चौदा हजार फुटांवरची सर्व शिखरे त्यांनी पायांखाली घातली होती. आपल्या व्यवसायबंधूंना १९६८ साली त्यांनी एक इशारा देऊन ठेवला होता. केवळ नळ्या घालण्याचे कौशल्य मिळवाल आणि रोग्याची जबाबदारी टाळाल, तर तुम्ही महागडे नळकारागीर व्हाल, असा त्याचा भावार्थ होता. नळी घालण्यापूर्वी रोग्याशी बोलणे आणि ती काढल्यावरही त्याची विचारपूस करणे हा उपचाराचाच भाग आहे, असे ते मानीत. उपकरणे तेव्हापासून कितीतरी सुधारली. ही अपेक्षा मात्र रोग्याने आपल्या डॉक्टरकडून आजही अवश्य बाळगावी.