मुंबईची सुहेली
शर्यत म्हटली की वेगाचे कौतुक आलेच. पण कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या १९६८ च्या शर्यतीत ९ नौका निघाल्या आणि शर्यत पुरी केली ती एकट्या मंदगती ‘सुहेली’ने! ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईच्या सुतारांनी घडविलेली, १९६४ साली पाण्यात उतरलेली. वळण नॉर्वेच्या जुन्या बचावनौकांचे : नाळेसारखीच मागची बाजूही निमुळती, म्हणजे पाठीमागून येणारी लाट दुभंगावी. वाटेत सांध्यांतून पाणी शिरले, तेव्हा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात बुडी मारून सांधे बुजविले, वर तांब्याची पट्टी ठोकली. २२ एप्रिल १९६९ रोजी ते इंग्लंडात फाल्मथला परतले. हातांनी घडविलेले हातांनी सांधताही येते. दूरच्या प्रवासाला वेगापेक्षा तेच उपयोगी पडते. संसारालाही!