माहितीपट शेतकऱ्यांपुढे आले पाहिजेत

हवामान बदलामुळे माणसांची जी वाताहत होत आहे, तीवर अलीकडे देशोदेशी अनेक माहितीपट निघाले आहेत. त्यांपैकी काही आमच्या पाहण्यात आले, व ते पाहून आमचे जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. ह्या पटांत दिसतो तो बहुधा शेतकरी. ते पाहणारे मात्र बहुधा शहरातले. महोत्सवात भेगाळलेली जमीन पडद्यावर येते, प्रेक्षक हळहळतात, दिवे लागतात आणि मंडळी घरी जातात. ज्याची जमीन भेगाळली त्याच्या गावी तो पट क्वचितच पोचतो.

वास्तविक शेतकऱ्याइतका कसून पाहणारा प्रेक्षक दुसरा मिळणार नाही. भेगा त्याने पाहिलेल्याच असतात. तो विचारील की, खड्डा किती खोल, खत कोणते, मजूर किती लागले, आणि दुसऱ्या वर्षी काय झाले? ह्या प्रश्नांस जो पट उत्तर देतो तोच आमच्या मते खरा कामाचा.

असा एक पट म्हणजे मार्क डॉड यांचा २०१० सालचा ‘द मॅन हू स्टॉप्ड द डेझर्ट’ हा होय. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशाच्या यातेंगा प्रांतात, गुर्गा गावी, याकूबा सावाडोगो नावाचे शेतकरी होते. साहेल प्रदेशावर १९७० नंतर दुष्काळामागून दुष्काळ आले. जमिनीवर खापरासारखी पापडी धरली, पडेल तो पाऊस वाहून जाऊ लागला व लोक गाव सोडू लागले. अशा वेळी हे गृहस्थ बाजारातला आपला व्यापार सोडून शेतीकडे परतले. त्यांच्या पूर्वजांची ‘झाई’ नावाची पद्धत होती. तीत कोरड्या हंगामात सुमारे २० ते ४० सेंटिमीटर रुंद व १० ते २० सेंटिमीटर खोल खड्डे खणतात व पावसाच्या तोंडावर त्यांत पेरतात. याकूबांनी हे खड्डे मोठे केले आणि पाऊस येण्यापूर्वीच त्यांत शेणखत व पालापाचोळा घातला. खताच्या वासाने वाळवी येते. आपण जिला शत्रू समजतो तीच वाळवी तेथे जमीन पोखरून पाणी मुरण्यास वाट करून देते! ज्वारी-बाजरी पिकली, खतातून पडलेल्या बियांची झाडेही त्या खड्ड्यांत उगवली, ती त्यांनी उपटली नाहीत, आणि कालांतराने तेथे रान उभे राहिले. प्रारंभी गावाने त्यांस वेडा ठरविले. कोणी त्यांचे शेत व झाडे जाळलीही. पुढे तेच लोक शिकावयास येऊ लागले, आणि याकूबांनी आपल्या शेतावर बाजार भरवून बियाण्यांची व अनुभवाची देवघेव सुरू केली.

येथे आमच्या सभासदांस एक सूचना देणे भाग आहे. ही पद्धत कठीण पापडीच्या, हलक्या जमिनीची व अल्प पावसाची आहे. आमच्या भारी काळ्या रानात तसे खड्डे केले तर पाणी साचून पीक पिवळे पडेल. मुरमाड माळावर चार गुंठ्यांचा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. मात्र हेक्टरी दहा हजारांवर खड्डे पडतात हे ध्यानात ठेवून मजुरीचा हिशेब आधी करावा.

दुसरा पट केनियातील आहे: ज्यूलिया डार ह्या नॉर्वेच्या बाईंचा ‘थँक यू फॉर द रेन’ (२०१७). ह्यात किसिलू मुस्या ह्या शेतकऱ्याने स्वतः कॅमेरा हाती घेऊन आपले कुटुंब, आपले गाव, दुष्काळ व पूर ही कित्येक वर्षे टिपली आहेत. वादळाने त्याच्या घराची नासधूस होते. तरी तो शेजारच्या शेतकऱ्यांस जमवून झाडे लावण्याच्या कामी लावतो, व २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेपर्यंत जाऊन पोचतो. मोठमोठ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींपुढे त्याचे कितपत चालले ते ज्याने त्याने पाहावे. आम्हांस महत्त्वाचे वाटले ते हे की, काय दाखवावयाचे ते येथे पाहुण्याने एकट्याने ठरविले नाही.

तथापि गावाच्या जिद्दीचे कौतुक करणाऱ्या पटांत एक धोका आहे, व तो आम्ही लपवू इच्छीत नाही. “पाहा, ह्यांनी आपले आपण निभावले,” असे म्हणून ज्यांचे कर्तव्य आहे ते हात झटकण्यास मोकळे होतात. याकूबांस २०१८ साली ‘राइट लाइव्हलीहुड’ हा सन्मान मिळाला; पण त्यांनी वाढविलेल्या रानाच्या जमिनीवर शेजारच्या शहराच्या वाढीकरिता घरांचे प्लॉट पाडण्यात आले होते. २०२३ साली ते वारले. तसेच सारे खापर आभाळावर फोडणेही बरे नव्हे. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा पट पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत विदर्भातील कापूस-उत्पादकांच्या घरी जातो. तेथे कर्ज व कापसाचा भाव हेच पुढे येतात. पाऊस नडतो हे खरे, पण सावकाराचे व्याज ढगांतून पडत नाही.

आता आमच्या मंडळापुरते बोलावयाचे तर, शेतकरी-प्रदर्शनांतून आम्हांस चित्रे दाखविली जात नाहीत असे नाही. खतांच्या व बियाण्यांच्या जाहिराती दिवसभर चालूच असतात! त्यांतील पीक कधी बुडत नाही. त्याऐवजी वर सांगितलेल्यांसारखे पट, परवानगी काढून व मराठी निवेदन जोडून, गावोगाव दाखवावे. मध्ये थांबवून प्रश्नोत्तरे व्हावीत, आणि बायकांस पुढे बसवावे, कारण पाण्याची खेप त्यांच्याच डोक्यावर असते. शिवाय प्रत्येक घरात आता मोबाईल आहे. पेरणीचा दिवस, दुबार पेरणी, फुटलेला बांध व तो पुन्हा घातला कसा, हे ज्याचे त्याने टिपून मंडळाकडे दिले तर चार-पाच वर्षांत आमच्या तालुक्याचाच एक पट तयार होईल. बुडालेले प्रयोगही त्यात अवश्य यावेत.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. खेळ वैशाखात, राने मोकळी असताना ठेवावेत, म्हणजे पाहिलेले करून बघण्यास पावसापूर्वी अवधी राहील. पडद्याकरिता चावडीची चुना दिलेली भिंत पुरे. वीज गेल्यास ट्रॅक्टरच्या बॅटरीची सोय करता येईल काय, हे जाणकार सभासदांनी कळवावे.